वाहन-सल्ला : २० लाखांची भरगच्च गाडी की ४५ लाखांची आलिशान?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच पेचाभोवती फिरणारी होती, म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, परंतु पुढच्या उत्तरांतील हिशेब त्यावरच आधारलेले असल्यामुळे ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा परभणीत जिनिंगचा व्यवसाय आहे. वय ४८. घरी पत्नी, दोन मुले आणि ७४ वर्षांची आई आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. वर्षाला सुमारे २० हजार किलोमीटर गाडी चालते. त्यात छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या आणि जालन्याहून समृद्धी महामार्गाने मुंबईचा प्रवास अधिक असतो; उरलेले फिरणे कापूस खरेदीच्या निमित्ताने खेड्यांच्या रस्त्यांवर होते. २२ लाख रोख आणि ३० लाख कर्ज अशी जुळणी करून बीएमडब्ल्यू एक्स-वन किंवा ऑडी क्यू-थ्री घ्यावी असे मनात आहे. पत्नी व मुलगी यांचे म्हणणे, ह्युंदाई क्रेटाचे सर्वांत वरचे मॉडेल घ्यावे आणि उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणासाठी ठेवावेत. मेहुण्यांचे म्हणणे, आयुष्यात एकदाच घ्यायची तर मोठ्या नावाची घ्यावी. आपण काय सुचवाल?

उत्तर : आपल्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की ४५ लाखांच्या गाडीत २० लाखांच्या गाडीतील सर्व काही असणारच आणि वर आणखी बरेच काही असणार. १० वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज काचेचे मोठे छत, ३६० अंशांचा कॅमेरा, पुढच्या आसनांतून येणारी थंड हवा, ६ एअरबॅग, पुढच्या वाहनापासूनचे अंतर स्वतःहून राखणारा क्रूझ कंट्रोल आणि समोर अडथळा आल्यास आपोआप लागणारे ब्रेक हे सगळे क्रेटा, कियाची सेल्टोस यांसारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत मिळते. उलट, काही आलिशान गाड्यांच्या भारतात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत यांतील दोन-तीन गोष्टी नसतात किंवा अतिरिक्त पैसे मोजून घ्याव्या लागतात. परभणीच्या मे महिन्यात थंड हवेचे आसन ही चैन नव्हे. म्हणून शोरूममध्ये जाताना सोयींची यादी कागदावर लिहून न्यावी आणि आपण घेणार त्याच मॉडेलसमोर एकेक बाब तपासावी; विक्रेत्याच्या तोंडी 'सगळे आहे'वर विसंबू नये.

शक्तीच्या बाबतीतही तसेच आहे. एक्स-वनच्या पेट्रोल आवृत्तीत दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, १३६ अश्वशक्तीचे इंजिन आहे, तर क्रेटाच्या टर्बो पेट्रोल आवृत्तीत दीड लिटरचेच, चार सिलिंडरचे, १६० अश्वशक्तीचे आहे. दोन्हींत शक्ती पुढच्या चाकांनाच मिळते आणि दोन्हींत दोन क्लचचा सात गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. क्यू-थ्री मात्र या बाबतीत वेगळी आहे : दोन लिटरचे १९० अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना शक्ती. वेगाची हौस असेल तर या वर्गात तिचा दावा खरा आहे. तथापि समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत तिन्ही गाड्यांची शक्ती पुरून उरते.

मग जास्तीचे २५ लाख कशाचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सोयींच्या यादीत सापडत नाही, गाडीच्या खालच्या बाजूला सापडते. क्रेटाची मागची दोन्ही चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेली असतात. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका दुसऱ्या चाकापर्यंत आणि तेथून मागच्या आसनावर बसलेल्यांच्या पाठीपर्यंत पोहोचतो. एक्स-वन, क्यू-थ्री आणि मर्सिडीज जीएलए यांच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र अशा अनेक दांड्यांचे सस्पेन्शन असते. एका चाकाने खड्डा गिळला तरी दुसरे आपल्या जागी राहते, आणि वेगात वळताना गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरते. याच्या जोडीला सांगाड्याचा ताठरपणा, दारांची दुहेरी रबरे, आवाज अडवणारी आवरणे आणि वेगात असताना हातात वजन भरणारे स्टिअरिंग. जालन्याहून मुंबईपर्यंत सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास टायरचा घोंघावणारा आवाज ऐकल्यानंतर उतरणारा माणूस आणि त्याच रस्त्याने शांत गाडीतून उतरणारा माणूस यांच्या थकव्यात फरक असतो. हा फरक खरा आहे. तो नाकारणाऱ्याने दोन्ही गाड्या लांबवर चालवलेल्या नसतात, असे मी म्हणेन.

परंतु हा फरक आपल्या वाट्याला वर्षातील किती दिवस येईल, ते पाहायला हवे. गुळगुळीत महामार्गावर तो जाणवतो; खेड्यांच्या रस्त्यांवर पारडे फिरते. आलिशान गाड्यांना दिसायला मोठी चाके आणि बारीक कडेचे टायर दिलेले असतात. खडीच्या किंवा उखडलेल्या डांबराच्या रस्त्यावर बारीक कडेचा टायर लवकर फुगतो वा फाटतो, आणि कधी कधी रिमही वाकते. अशा टायरचे माप तालुक्याच्या गावी मिळत नाही. त्यातच अनेक आलिशान गाड्यांत पूर्ण आकाराची स्टेपनी नसते. असते ती कमी वेगाने, थोड्या अंतरापुरती वापरायची असते, आणि काहींत नुसता हवा भरण्याचा पंप व रसायन देऊन वेळ भागवलेली असते. कापसाच्या हंगामात, संध्याकाळी, सेलू किंवा पाथरीच्या आतल्या रस्त्यावर टायर गेला तर काय होईल, याचे उत्तर आधी शोधावे आणि मग बुकिंग करावे.

आता पैशांचे बघू. एक्स-शोरूम ४५ लाखांची पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के मोटार वाहन कर लागतो, म्हणजे ५ लाख ८५ हजार. विमा सुमारे पावणेदोन लाख धरू. रस्त्यावर येईपर्यंत गाडी साडेबावन्न लाखांवर जाते. एक्स-शोरूम १९ लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्क्यांनी २ लाख २८ हजार कर आणि विमा पाऊण लाख धरला तर ती २२ लाखांत दारात उभी राहते. दोन्हींवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) घेईल, पण तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून तो धरलेला नाही. (डिझेल घेतल्यास कराचे हेच दर अनुक्रमे १५ आणि १४ टक्के होतात.)

खरेदीच्या दिवशीचा हा ३० लाखांचा फरक डोळ्यांना दिसतो. न दिसणारा फरक पाच वर्षांनी विकताना कळतो. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना जी सर्वमान्य घट धरतात, ती पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के अशी असते. कागदावर ही घट दोन्ही गाड्यांना सारखीच आहे; बाजारात नाही. जास्त खपाच्या गाडीला गावोगावी गिऱ्हाईक असते आणि ती या कोष्टकाच्या आसपास किंवा थोडी वरच विकली जाते. आलिशान गाडीचा दुसरा ग्राहक मोजकाच असतो, आणि तो दुरुस्तीच्या भीतीने भाव पाडून मागतो. मी पाच वर्षांनी आलिशान गाडीचे १८ लाख आणि दुसरीचे १० लाख येतील असे धरतो. म्हणजे पहिलीत सुमारे साडेचौतीस लाख झिजले, दुसरीत १२ लाख. फरक साडेबावीस लाखांचा, महिन्याला सुमारे साडेसदतीस हजार रुपयांचा. यात कर्जाचे व्याज नाही. ३० लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता ६२ हजार २७५ रुपये बसतो आणि एकूण व्याज ७ लाख ३६ हजारांच्या घरात जाते. क्रेटा आपल्या रोख रकमेतच बसते, हे आपण पत्रात लिहिले नसले तरी आकडे सांगतात.

इंधनाचा फरक या हिशेबात फार नाही, म्हणून तो सोडून देतो. देखभालीचा मात्र आहे. आलिशान गाडीची नियमित सर्व्हिस आता पूर्वीइतकी भीतीदायक राहिलेली नाही, कारण खरेदीच्या वेळीच तीन ते पाच वर्षांचे पॅकेज घेता येते आणि खर्च आधीच कळतो. त्रास होतो तो अपघाताच्या आणि मोडतोडीच्या भागांचा. एका हेडलाइटची किंमत लाखाच्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. विम्यात प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, मग भाग काल बसवलेला का असेना. फायबरवर ३० टक्के कापतात आणि काचेवर काहीच नाही. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो. म्हणून कोणतीही गाडी घेतली तरी झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे असा घसारा न कापणारे, संरक्षण घ्यावे, आणि आलिशान गाडी घेतल्यास ते पाच वर्षे सलग मिळेल का, हे विमा प्रतिनिधीकडून लिहून घ्यावे.

मूळ वॉरंटीही सारखी नसते. काही कंपन्या दोन वर्षांची देतात, काही तीन. वाढीव वॉरंटीशिवाय आलिशान गाडी ठेवण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही.

आता अंतर. आपल्या दोन्ही पसंतींचे सेवाकेंद्र आपल्या जिल्ह्यात नाही. जवळचे मोठे शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, सुमारे २०० किलोमीटर. वर्षातून एकदा सर्व्हिसला जाणे जमेल. परंतु डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी अर्ध्या शक्तीवर चालू लागली, तर गावातील कितीही कुशल मेकॅनिक त्या कंपनीच्या संगणकीय यंत्रणेशिवाय दोष वाचू शकत नाही, आणि गाडी फ्लॅटबेड ट्रकवरून न्यावी लागते. जिनिंगच्या हंगामात चार दिवस गाडीवाचून काढणे आपल्याला परवडेल का, हे आपणच ठरवावे.

आपल्याच विभागातील एक जुनी गोष्ट येथे आठवते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार होता. 'लहान शहरातही आलिशान गाडी चालते' याचा दाखला म्हणून ती खरेदी आजही सांगितली जाते. परंतु त्या लोकांनी गट करून घासाघीस केली होती आणि कर्जही सवलतीच्या दराने मिळवले होते. एकट्या ग्राहकाच्या हाती तो लगाम नसतो.

आईंविषयी आपण एकाच ओळीत लिहिले आहे, मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला फार उंच गाडीत चढणे जितके अवघड, तितकेच बुटक्या गाडीतून उठणे अवघड. क्रेटा, सेल्टोस यांच्या आसनाची उंची अशी आहे की पाठ टेकवून बाजूने सरकत बसता येते. हॅरियर किंवा एक्सयूव्ही ७०० च्या आकाराच्या गाड्यांत पाय उचलावा लागतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या क्यू-थ्रीसारख्या गाडीत मागच्या पायांजवळ मध्ये उंच बोगदा असतो. दोघे बसल्यास अडचण नाही, तिघे बसल्यास मधल्याचे हाल होतात. पाच जणांच्या कुटुंबात मधले आसन रोज वापरले जाते. टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा, आणि गाडी चालवण्याआधी त्यांना मागच्या आसनावर पाच वेळा बसू-उतरू द्या. विक्रेता कंटाळेल, कंटाळू द्यावा.

सुरक्षेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. एक्स-वनला २०२२ मध्ये आणि क्यू-थ्रीला २०१८ मध्ये युरो एनकॅपचे (युरोपातील धडक-चाचणीचे) पाच तारे मिळाले, परंतु ते युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीचे आहेत; तेथे प्रमाणित असलेली प्रत्येक साधनसामग्री येथे असेलच असे नाही. आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि त्यात सर्वप्रथम टाटा हॅरियर व सफारी यांना पाच तारे मिळाले. म्हणजे 'सुरक्षा हवी तर परदेशी नाव हवे' हा युक्तिवाद आता टिकत नाही. समृद्धीवर मोटारींचे जे अपघात होतात, त्यांत झोप, अतिवेग आणि टायर फुटणे ही कारणे वारंवार पुढे येतात. त्यावर गाडीच्या बोधचिन्हाचा उपाय नाही, टायरचे वय आणि हवा तपासण्याचा आहे.

एवढे सगळे मांडल्यावर माझा कल स्पष्ट आहे. आपण क्रेटाची टर्बो आवृत्ती किंवा तिच्या तोडीची गाडी घ्यावी. महामार्गावरच्या स्थैर्याची ओढ तरीही राहिली, तर मधला एक पर्याय आहे, ज्याकडे दोन्ही बाजूंचे विक्रेते लक्ष वेधणार नाहीत : रांजणगावला बनणारी जीप कंपास. तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, दोन लिटरचे १७० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे, आणि किंमत आलिशान गाडीच्या बरीच खाली आहे. सोयी थोड्या कमी, मागची जागा थोडी अरुंद आणि सेवेचे जाळेही ह्युंदाईइतके दाट नाही; पण रस्ता धरण्यात ती आपल्या किमतीच्या वरच्या वर्गात बसते. मेहुण्यांना एवढेच सांगा, की मोठ्या नावाची गाडी घ्यायला हरकत मुळीच नाही, हरकत आहे ती तिच्यासाठी पाच वर्षे दरमहा ६२ हजारांचा हप्ता डोक्यावर घेण्याला. हीच गाडी कर्जाविना, संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाने विचारली असती, तर उत्तर वेगळे दिले असते.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. नवी सेल्टोस २२ लाखांना पडते आहे. तेवढ्याच पैशांत दिल्लीहून आलेली चार वर्षांची मर्सिडीज जीएलए एका दलालाकडे आहे. गाडी दिसायला उत्तम आहे. माझे यजमान फार उत्साहात आहेत, मला मात्र धाकधूक वाटते.

उत्तर : ताई, आपली धाकधूक रास्त आहे, मात्र ती गाडीविषयी कमी आणि कागदांविषयी जास्त असावी. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथे जुन्या गाड्यांचे भाव उतरलेले असतात आणि त्या दुसऱ्या राज्यांत पाठवल्या जातात. चार वर्षांची गाडी त्या मर्यादेपासून दूर असली, तरी तिच्यासाठी दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागते आणि येथील कर नव्याने भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या नावाने अर्ज, पाठपुरावा आणि प्रतीक्षा यांतून जातो. दलालाने सांगितलेली किंमत करासह आहे की कराविना, हे प्रथम विचारा. बहुधा कराविनाच असेल, आणि मग २२ लाखांची तुलनाच कोलमडते.

गाडी घ्यायचीच असेल तर महाराष्ट्रातच नोंदलेली, एकाच मालकाची आणि शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनातून घ्यावी. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या तिघांचीही अशी अधिकृत दालने आहेत. तेथे दोन-तीन लाख जास्त जातात, पण तपासलेली गाडी आणि काही काळाची वॉरंटी मिळते. बाहेरून घेतल्यास गाडीच्या क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रातील संपूर्ण सर्व्हिस इतिहास मागवा, 'वाहन' संकेतस्थळावर बँकेचा बोजा शिल्लक आहे का ते पाहा, आणि विमा कंपनीकडून पूर्वीच्या दाव्यांची माहिती घ्या. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची असेल, तर आसनाच्या खालच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा चिखलाचा डाग आणि स्टेपनीच्या खळग्यातील वाळू या जागा तपासाव्यात. पॉलिश तेथे पोहोचलेले नसते.

आणि वर्षाला दीड-दोन लाख रुपये केवळ दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची तयारी हवी. ती नसेल तर सेल्टोसच घ्या. यजमानांचा उत्साह त्यांना जुन्या जीएलएच्या नव्हे, तर तिच्या हेडलाइटच्या किमतीचा कागद दाखवल्यावर थोडा शांत होईल.

प्रश्न : नाशिकमध्ये माझी द्राक्ष निर्यातीची खासगी मर्यादित कंपनी आहे. सनदी लेखापाल म्हणतात की गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास करात बचत होते, म्हणून आलिशान गाडी जवळपास साध्या गाडीच्या भावात पडेल. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. कंपनीच्या नावावरील मोटारीवर प्राप्तिकरात दरवर्षी उरलेल्या मूल्यावर १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. कर्जाचे व्याज, विमा आणि इंधन हे खर्चही दाखवता येतात. परंतु १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट (भरलेला कर वळता करून घेण्याची सोय) आपल्यासारख्या निर्यातदाराला मिळत नाही. ते अडवलेले आहे. त्याखेरीज महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला मोटार वाहन कर २० टक्के आहे. ४५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नावाने ५ लाख ८५ हजार लागतो, तेथे कंपनीला ९ लाख लागतील. म्हणजे ३ लाख १५ हजारांचा भुर्दंड पहिल्याच दिवशी. घसाऱ्याने वाचणारा प्राप्तिकर हा भुर्दंड भरून काढायलाच पहिली दीड-दोन वर्षे घेतो.

जीएसटीविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के कर होता, त्याहून लहान इंजिनाच्या लांब गाडीवर ४५ टक्के. आता उपकर गेला आणि दोन्हींवर सरसकट ४० टक्के लागतो. क्रेटाला पाच टक्क्यांचा दिलासा मिळाला, तर दोन लिटरच्या आलिशान गाडीला १० टक्क्यांचा. आलिशान गाड्या 'अचानक आवाक्यात' आल्याची जी चर्चा आपण ऐकली असेल, तिचे मूळ येथे आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पुण्यात नोकरी करतो, रोज मिळून ५० किलोमीटर जाणे-येणे होते. आलिशान आणि साधी या वादात विजेवरच्या गाड्या धरल्या तर चित्र बदलते का?

उत्तर : बदलते, आणि वाटते त्याहून अधिक बदलते. विजेवरच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला मोटार वाहन करातून सूट आहे. ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा अर्थसंकल्पातील प्रस्ताव नंतर मागे घेण्यात आला. परिणाम असा, की जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आलेली बीएमडब्ल्यूची लांब आवृत्तीची आयएक्स-वन ऑन-रोड हिशेबात त्याच कंपनीच्या पेट्रोल एक्स-वनच्या बरोबरीला, कधी खालीही उतरते. शिवाय २०४ अश्वशक्ती आणि मागे पाय पसरायला जागा. इंजिनाचा आवाज नाही, तेलबदल नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकरही माफ आहे. आलिशानच घ्यायची असे ठरलेले असेल, तर पुण्यात मी पेट्रोलकडे पाहणार नाही.

परंतु हाच फायदा साध्या गाड्यांनाही आहे, आणि तेथे स्पर्धा अधिक चुरशीची आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, तसेच दोन मोटरांची, चारही चाके फिरवणारी टाटा हॅरियर ईव्ही या गाड्या ३० लाखांच्या आसपास असे काही देतात, जे पेट्रोलमध्ये आलिशान वर्गाखेरीज मिळत नव्हते. विजेच्या गाड्यांच्या पुनर्विक्रीचा बाजार अजून पुरता बसलेला नाही. त्यामुळे जितके कमी पैसे गुंतवाल तितकी जोखीम कमी. आधी सोसायटीकडून आपल्या पार्किंगच्या जागी स्वतंत्र मीटरसह चार्जर बसवण्याची लेखी परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत कोणत्याही शोरूममध्ये टोकन देऊ नका.

प्रश्न : फोंड्याजवळ आमच्या जुन्या घराकडे जाणारी वाट चिंचोळी आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती आहेत. एक्स-वन बसेल की क्रेटाच घ्यावी?

उत्तर : क्रेटाची रुंदी १७९० मिलिमीटर आहे आणि एक्स-वनची १८४५, बाजूचे आरसे याखेरीज. लांबीतही एक्स-वन साडेचार मीटर, तर क्रेटा ४३३० मिलिमीटर. पाच-साडेपाच सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण चिऱ्याच्या भिंतीला घासलेल्या दाराचा रंग कंपनीकडून करून घ्यायचा झाल्यास ते महाग पडतात. वाटेतील सर्वांत अरुंद जागी टेप लावून मोजा. ती २३० सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, किंवा तेथेच वळण असले, तर दोन्ही गाड्या सोडून चार मीटरच्या आतील एखादी बघा. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ आणि समोरून स्कूटर आल्यावर मागे घेताना तीच सोयीची पडेल.